शिवेवर तुटलेली पायवाट

इंग्लंडमधल्या सॅलिसबरीच्या वायव्येला वायली नदीचं खोरं आहे. डेव्हरिल नावाच्या पाच गावांमधून ही नदी खाली उतरते, वॉर्मिन्स्टरपाशी वळते आणि हेट्सबरी, कॉडफर्ड, स्टॉकटन, वायली, स्टीपल लँगफर्ड, ग्रेट विशफर्ड अशी गावं मागे टाकत विल्टनला नॅडर नदीला मिळते. विल्टशर परगण्याला नाव मिळालं ते याच विल्टनवरून. नदीचं पात्र लहान आहे, पण पाणी खडूच्या टेकड्यांमधून झिरपून येतं म्हणून बारमाही आणि तळ दिसेल इतकं नितळ. मी या खोऱ्यातल्या एका गावात राहते आणि सॅलिसबरीत फिजिओथेरपिस्टचं काम करते. इथली एक जुनी पायवाट सरकारी नकाशावर चढावी म्हणून मी अर्ज केला, त्याची ही हकीकत. वाट ज्या दोन पॅरिशमधून जाते त्यांची नावं मी देत नाही. प्रकरणाचा निकाल लागलेला नाही, आणि जमिनीचे मालक आमच्याच गावात राहतात.

आधी पॅरिश म्हणजे काय ते सांगायला हवं. मुळात चर्चच्या हद्दीतला मुलूख तो पॅरिश. गरिबांना मदत, रस्त्यांची डागडुजी ही कामंही शतकानुशतकं चर्चमधल्या बैठकीतूनच चालत. 1894 च्या कायद्यानं हा कारभार चर्चपासून वेगळा केला आणि निवडून आलेली पॅरिश कौन्सिलं आली. आपल्या ग्रामपंचायतीच्या मानानं अधिकार फारच थोडे: बाकं, खेळाचं मैदान, भाजीपाल्याचे वाफे, बसथांबा, बांधकामाच्या अर्जांवर मत देणं. सदस्य बिनपगारी. पण हद्दी मात्र फार जुन्या, कितीतरी ठिकाणी चर्चच्या काळापासून चालत आलेल्या.

वायलीच्या खोऱ्यात नकाशा पसरला की या हद्दींचा आकार लगेच डोळ्यांत भरतो. जवळजवळ प्रत्येक पॅरिश म्हणजे एक लांब, अरुंद पट्टा. त्याचं एक टोक नदीत, दुसरं टेकडीच्या माथ्यावर. प्रत्येक गावाला सगळ्या जातीची जमीन मिळावी, म्हणून ही वाटणी. नदीकाठी कुरण, पुराच्या रेषेच्या जरा वर घरं आणि चर्च, त्यावर गव्हाची-जवाची शेतं, आणि माथ्यावर मेंढ्यांसाठी मोकळा माळ. मेंढ्या दिवसा माळावर चरायच्या आणि रात्री खालच्या शेतात बसवल्या जायच्या. धनगरांना शिधा देऊन शेतात मेंढरं बसवून घेणारी माणसं मी साताऱ्याकडे लहानपणी पाहिली आहेत, त्यामुळे ही व्यवस्था मला कुणी समजावून सांगावी लागली नाही. सतराव्या शतकात इथे नदीकाठच्या कुरणांत पाट काढले गेले. हिवाळ्यात नदीचं पाणी लाकडी फळ्यांच्या दारांनी अडवून गवतावरून पातळ थरानं वाहतं ठेवायचं. खडूतून येणारं पाणी हिवाळ्यातही फार गार होत नाही, म्हणून जमीन गोठत नाही आणि गवत लवकर फुटतं. मार्चमध्ये, साठवलेला चारा संपत आलेला असताना, मेंढ्यांना हिरवं खायला मिळायचं. पाणी फिरवणाऱ्या माणसाला ड्राउनर म्हणत. त्या पाटांचे वरंबे अजून दिसतात, विशेषतः सकाळच्या तिरप्या उन्हात.

आमची पायवाट याच वरंब्यांमधून जाते. चर्चच्या फाटकापासून निघते, एका पाटावरचा दोन फळ्यांचा पूल ओलांडते, कुरणाच्या कडेकडेनं जाऊन पॅरिशची शीव ओलांडते आणि पलीकडच्या गावात जुन्या रेल्वे स्टेशनच्या रस्त्याला मिळते. ही रेल्वे 1856 साली सुरू झाली. खोऱ्यातली मधली स्टेशनं 1955 मध्ये बंद झाली. गाड्या अजून धावतात, पण थांबत नाहीत. तरी लोक या वाटेनं चालत राहिले. शिवेपलीकडची जमीन विकली गेली, कुंपण नवं झालं, आणि एका शरद ऋतूत शिवेवरच्या फाटकाला कुलूप आणि खासगी मालमत्तेची पाटी लागली. आमच्या बाजूला हिरवा बाण दाखवणारा खांब तसाच उभा. बाण थेट कुलपाकडे बोट करतो.

मी डेफिनिटिव्ह मॅप पाहिला. इंग्लंड आणि वेल्समध्ये सार्वजनिक वाटांचा हा कायदेशीर नकाशा असतो. त्यावर रेघ असली की चालण्याचा हक्क पक्का, त्यात वाद नाही. आमची वाट त्यावर शिवेपर्यंत आहे. शिवेनंतर कोरं. असं कसं झालं, याचं उत्तर 1949 च्या कायद्यात सापडतं. हा नकाशा तयार करताना वाटांची पाहणी करायचं काम पॅरिशांवर सोपवलं होतं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्येक पॅरिशनं आपापल्या हद्दीत फिरून कार्डं भरली. आमच्या पॅरिशनं भरलेलं कार्ड मला पाहायला मिळालं: फाटक, पूल, कुरणाची कड, आणि शेवटी ‘पॅरिशच्या हद्दीपर्यंत’. पलीकडच्या पॅरिशनं त्या तुकड्याचं कार्डच भरलं नाही. कारण कुठेही नोंदवलेलं नाही. देशभर असे तुकडे आहेत, वाट एका पॅरिशात जिवंत आणि शेजारच्या पॅरिशात नाहीशी. माणूस शिवेवर येऊन हवेत विरघळत नाही. तो पुढे चालतच जातो, आणि ही साधी गोष्ट पुढे आमच्या अर्जाचा मोठा आधार ठरली.

नकाशात दुरुस्ती मागण्याचा हक्क 1981 च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टनं दिला आहे. अर्ज परगण्याच्या कौन्सिलकडे करायचा, आणि तो कुणीही करू शकतं. नागरिकत्वाची अट नाही, जमीन लागत नाही, फी नाही. हे वाचल्यावर मी दोनदा खात्री करून घेतली, कारण माझा पासपोर्ट भारतीय आहे. पुरावा दोन तऱ्हेचा चालतो. एक, जुने कागद. दुसरा, वहिवाट: लोकांनी सलग 20 वर्षं, न चोरता, न जबरदस्तीनं आणि न परवानगी मागता, हक्कानं चालल्याचं दाखवायचं. वीस वर्षं मोजायची ती हक्काला पहिल्यांदा आव्हान मिळालं त्या दिवसापासून मागे. आमच्या बाबतीत तो दिवस म्हणजे कुलूप लागलं तो. मालकानं आधीच परगण्याच्या कौन्सिलकडे नकाशा आणि जाहीरनामा देऊन ‘या वाटा मी लोकांना अर्पण करत नाही’ असं नोंदवलं असेल, तर वहिवाटीचा दावा अडतो. मी ती नोंदवही पहिल्यांदा तपासली. आमच्या कुरणासाठी असा जाहीरनामा नव्हता.

मग फॉर्म घेऊन दारोदार. वापराच्या पुराव्याचा फॉर्म वरवर साधा दिसतो, पण प्रत्येक प्रश्नामागे कायदा असतो. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत चाललात? किती वेळा? कशासाठी? वाटेत फाटक होतं का, त्याला कुलूप होतं का? कुणी अडवलं का? कधी परवानगी मागितली का? तुम्ही मालकाकडे नोकरीला किंवा त्याचे भाडेकरू होता का? शेवटचा प्रश्न नीट समजावून सांगावा लागतो. मालकाचा गडी त्या वाटेनं कामावर गेला, तर ते चालणं मालकाच्या मर्जीचं, वहिवाटीत धरत नाहीत. खेड्यात अर्धी म्हातारी माणसं कधी ना कधी त्या शेतावर कामाला गेलेली. त्यामुळे कामाचं चालणं कोणतं आणि रविवारचं कोणतं, हे वेगळं लिहून घ्यावं लागलं.

चर्चशेजारच्या एका आजीबाईंचा फॉर्म भरायला मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. वयाच्या सातव्या वर्षापासून त्या या वाटेनं जात होत्या, आधी स्टेशनवर वडिलांना आणायला, नंतर मुलांना घेऊन, नंतर कुत्र्याला घेऊन. सोबतच्या नकाशावर त्यांनी पेन टेकवलं आणि शिवेवर न थांबता एका ओढीत स्टेशनच्या रस्त्यापर्यंत रेघ नेली. “हद्द कुठे आहे ते मला आज तुझ्याकडून कळतंय,” त्या म्हणाल्या. मग आठवून आठवून सांगितलं की पाटावरच्या पुलाला एका बाजूला लोखंडी नळीचा कठडा होता, तो एका पुरात वाहून गेला आणि पॅरिशनं तो परत बसवला. ही गोष्ट मी लगेच टिपून घेतली. पॅरिशनं पैसे खर्च केले असतील, तर हिशेबात नोंद असणार. ती नोंद पुढे खरोखर सापडली.

जुन्या कागदांचं काम मला सगळ्यात आवडलं, आणि त्याचं श्रेय बाबांना. बाबा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. टिप्पण, गटबुक, गाव नकाशा हे शब्द आमच्या घरात जेवताना कानावर पडायचे. चिपनममधल्या विल्टशर अँड स्विंडन हिस्टरी सेंटरमध्ये मी आमच्या पॅरिशचा टाइथ नकाशा मागवला. चर्चला द्यायचा धान्याचा दहावा हिस्सा, म्हणजे टाइथ, 1836 च्या कायद्यानं रोख रकमेत बदलला, आणि त्यासाठी गावोगाव मोजणी होऊन हे नकाशे तयार झाले. त्याच दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट हे इंग्रज अधिकारी इंदापूर तालुक्यात शेतसाऱ्याची मोजणी बसवत होते. टाइथ नकाशावर जमीन एकर, रूड आणि पर्चमध्ये. इंग्लंडची मोजणीची साखळी 66 फुटी, बाबांची 33 फुटी, बरोबर निम्मी, म्हणूनच आपला गुंठा एकराचा चाळिसावा भाग भरतो. बाबांना व्हिडिओ कॉलवर नकाशाचा फोटो दाखवला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “हा कशासाठी काढलाय? साऱ्यासाठी ना? मग पायवाट शोधू नकोस, सापडणार नाही.” तसंच झालं. टाइथ नकाशात रस्ते फिकट तपकिरी रंगात होते, पण पायवाट नव्हती. तिचा साऱ्याशी संबंध नाही, म्हणून काढलीच नाही.

ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याच्या 25 इंची नकाशावर मात्र ती मिळाली. एकोणिसाव्या शतकाअखेरचा हा नकाशा, त्यावर मैलाला 25 इंच असं प्रमाण, त्यामुळे एकेक झाड दिसतं. तुटक रेघांची जोडी चर्चपासून निघून थेट स्टेशनच्या रस्त्यापर्यंत, शेजारी ‘एफ. पी.’ ही पायवाटेची अक्षरं, शिवेच्या दोन्ही बाजूंना. शीव स्वतः ठिपक्यांनी दाखवलेली आणि तिच्याजवळ ‘सी. एस.’, म्हणजे हद्द ओढ्याच्या मधोमध धरलेली आहे. पण हा नकाशा एकट्यानं पुरत नाही. 1880 च्या दशकाच्या अखेरीपासून ऑर्डनन्स सर्व्हे आपल्या नकाशांवर छापत आला आहे की इथे दाखवलेली वाट हा हक्काचा पुरावा नव्हे. वाट जमिनीवर होती एवढंच त्यातून सिद्ध होतं. लोकांचा हक्क होता का, ते वेगळं दाखवावं लागतं.

ते दाखवणारा कागद लंडनमध्ये क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये होता. 1910 च्या फायनान्स ॲक्टनं जमिनीच्या वाढलेल्या किमतीवर कर बसवला आणि त्यासाठी देशातल्या जवळजवळ प्रत्येक तुकड्याचं मूल्यांकन झालं. जमिनीतून सार्वजनिक वाट जात असेल, तर मालकाला किमतीत सूट मागता यायची. खोटी माहिती दिली तर शिक्षा होती. म्हणजे मालकानं स्वतःच्या तोंडानं वाट कबूल केली, तर त्या काळचा याहून भक्कम पुरावा दुसरा नाही. हा कर पुढे रद्द झाला, पण मूल्यांकनाच्या वह्या राहिल्या. पहिल्यांदा वाचक कार्ड काढायचं, त्यासाठी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा द्यायचा, आत पेन नेता येत नाही, फक्त पेन्सिल. आधी रंगवलेल्या नकाशावर आपल्या शेताचा क्रमांक शोधायचा, मग त्या क्रमांकाची वही मागवायची. वही जाड पुठ्ठ्याची, हातात मावेल एवढी. एका मालमत्तेला चार पानं. आमच्या कुरणाच्या पानावर मूल्यांकन करणाऱ्याचं बारीक तिरपं अक्षर, गवताची प्रत, पाटांची अवस्था, आणि सार्वजनिक वाटेसाठीच्या रकान्यात पायवाट असा शब्द आणि शेजारी वजा केलेली रक्कम. हे कुरण शिवेपलीकडचं होतं. पलीकडच्या पॅरिशनं 1950 च्या दशकात जी वाट लिहिली नाही, ती तिथल्याच मालकानं चाळीस वर्षं आधी लिहून दिली होती. त्या पानाचे फोटो मी काढले, आणि शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी गृहस्थांना ते दाखवल्याशिवाय मला राहवलं नाही.

अर्जाबरोबर 1:25,000 किंवा त्याहून मोठ्या प्रमाणाचा नकाशा, पुराव्यांच्या प्रती, आणि प्रत्येक मालकाला व वहिवाटदाराला नोटीस दिल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. नोटीस टपालानं पाठवण्याऐवजी मी स्वतः नेऊन दिली. मालक सभ्य माणूस आहेत. त्यांनी चहा दिला आणि आपली बाजू सांगितली: वासरं, मोकाट कुत्री, उघडी राहिलेली फाटकं. त्यातलं काहीच खोटं नाही. मग त्यांनी तोडगा सुचवला की कुलूप काढतो, वाट खुली करतो, पण परवानगीची वाट म्हणून.

पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत याच तोडग्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. बैठकीची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी फलकावर लावावी लागते, सुरुवातीला गावकऱ्यांना बोलायला वेळ असतो. हॉल भरला होता. निम्म्या लोकांचं म्हणणं, वाट मिळतेय ना, मग भांडण कशाला? मला हे पटलं नाही आणि मी तसं उभं राहून सांगितलं. परवानगीची वाट मालकाच्या मर्जीनं असते, उद्या जमीन परत विकली गेली की नवा मालक ती बंद करू शकतो. जुना हक्क कायद्यानं मरत नाही, पण तो सांगणारी माणसं मरतात. आज आमच्याकडे 1940 च्या दशकातलं आठवणाऱ्या आजीबाई आहेत. वीस वर्षांनी कुलूप परत लागलं, तर साक्ष कोण देणार? शिवाय परगण्याच्या कौन्सिलच्या अधिकाऱ्याला सोय, सुरक्षितता, खासगीपणा यांचा विचार करताच येत नाही. हक्क आहे की नाही, एवढाच प्रश्न. कुत्र्यांचा आणि फाटकांचा बंदोबस्त नंतर करता येतो, वाट वळवण्यासाठी वेगळा अर्जही करता येतो. पॅरिशनं शेवटी थोड्या मतांच्या फरकानं अर्जाला पाठिंबा दिला. मालकांशी माझं बोलणं आजही आहे.

हक्क चालून टिकवायचा, ही गोष्ट या खोऱ्याला नवी नाही. ग्रेट विशफर्डच्या लोकांना ग्रोव्हली वनातून लाकूड आणण्याचा हक्क आहे, 1603 साली तो लेखी नोंदवला गेला. दर 29 मे रोजी गाव पहाटे वनात जाऊन ओकच्या फांद्या आणतं, सॅलिसबरीच्या कॅथीड्रलसमोर बायका मोळ्या घेऊन नाचतात, आणि सगळे ‘ग्रोव्हली, ग्रोव्हली, अँड ऑल ग्रोव्हली’ अशी आरोळी देतात. मी तो सोहळा पाहिला आहे. त्याच गावात चर्चच्या आवाराच्या भिंतीवर 1800 सालापासूनचे पावाचे भाव दगडांत कोरून ठेवलेले आहेत. सोहळा गमतीचा आहेच, पण आरोळी देणाऱ्यांना ती कशासाठी हे नीट माहीत असतं.

आता अर्ज परगण्याच्या कौन्सिलच्या नोंदवहीत चढला आहे, त्याला क्रमांक मिळाला आहे आणि तो कुणालाही पाहता येतो. 12 महिन्यांत निर्णय झाला नाही, तर निर्णयाची मुदत ठरवून द्या अशी दाद मागता येते, नाकारला तर 28 दिवसांत अपील. मंजूर झाला तर आदेशाचा मसुदा जाहीर होतो, वाटेच्या दोन्ही टोकांना लावला जातो, आणि हरकतींसाठी किमान 42 दिवस मिळतात. हरकत आली की फाइल सरकारनं नेमलेल्या इन्स्पेक्टरकडे जाते, आणि मग साक्षीदारांना बोलावून तपासणी होऊ शकते. म्हणून आजीबाईंच्या फॉर्मवर मी सही, तारीख आणि साक्षीदार तिन्ही घेऊन ठेवले आहेत.

जुन्या कागदांवरच्या अर्जांना 2000 च्या कायद्यानं 1 जानेवारी 2026 ही शेवटची तारीख घातली होती. ती पुढे ढकलून 2031 केली गेली, आणि डिसेंबर 2024 मध्ये सरकारनं मुदतच काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं. रॅम्बलर्स या चालणाऱ्यांच्या संघटनेनं 2020 मध्ये हजारो स्वयंसेवकांकडून जुने-नवे नकाशे ताडून पाहिले, तेव्हा नोंद न झालेल्या वाटा 49 हजार मैलांहून जास्त भरल्या. हा आकडा वाचून दडपून जायला होतं. पण प्रत्येक वाट कुठल्या ना कुठल्या पॅरिशात आहे, आणि तिथे फॉर्म घेऊन दार वाजवणारं एक माणूस पुरतं.

पलीकडच्या पॅरिशच्या क्लार्कबाईंनी बैठकीनंतर आपल्या कपाटातली 1950 च्या दशकातली कार्डं बाहेर काढली. शिवेवर तुटलेल्या आणखी दोन वाटा त्यांना सापडल्या, त्यातली एक टेकडीवरच्या माळाकडे जाणारी. तिथल्या एका निवृत्त जोडप्यानं ती हातात घेतली आहे. त्यांना मी कोरे फॉर्म दिले, क्यूच्या नकाशावरून वहीचा क्रमांक कसा काढायचा ते लिहून दिलं, आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसांपासून सुरुवात करा असं सांगितलं.